निवडुंग आणि किरमिजी कीटक: जाती, समष्टी आणि त्यांचे परस्परसंबंध

मराठीत 'निवडुंग' हा एकच शब्द आपण अनेक वेगळ्या वनस्पतींना लावतो. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग, फड्या निवडुंग ही नावे ऐकणाऱ्यास ती एकाच घराण्यातील भावंडे वाटावीत. परंतु त्रिधारीच्या खोडाला जरासा छेद दिला की पांढरा चीक ठिबकू लागतो. फड्याला छेद दिला तर बुळबुळीत, रंगहीन रस तेवढा निघतो. त्रिधारी आणि वई हे एरंडाचे आप्त आहेत. नागाच्या फण्यासारखे चपटे फडे एकावर एक रचल्याप्रमाणे दिसणारा फड्या निवडुंग हा अगदी निराळ्या कुळातला असून त्याचे मूळ घर अमेरिका खंड होय. कोरड्या हवेत पाणी साठवून जगावयाचे तर खोड जाडजूड व्हावे, पाने जवळजवळ नाहीशी व्हावीत आणि अंगावर काटे यावेत, ही गरज दोन्ही घराण्यांना सारखीच पडली. तिने दोघांना एकसारखे रूप दिले, आणि आपण त्या रूपावरून दोघांना एकच नाव दिले.

माणसाला फसविणारे हे साम्य एका कीटकाला मात्र कधीच फसवू शकत नाही. त्या कीटकाचे नाव कोचिनील.

फड्या निवडुंगावर कधीकधी कापसाचे लहान पुंजके चिकटल्यासारखे दिसतात. काडीने असा एखादा पुंजका चिरडला की काडीचे टोक रक्तासारखे लाल होते. त्या मेणचट कापसाखाली एक मादी बसलेली असते. तिला पंख नसतात आणि एकदा सोंड फड्यात रुतविल्यावर ती सहसा जागा सोडीत नाही. नर चिमुकला, पंखवाला आणि अल्पायुषी असतो. प्रौढावस्थेत त्याला तोंडच नसल्याने खाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हिंडावयाचे ते काय अंड्यांतून निघालेल्या पिलांनीच. ती काही काळ फड्यावर फिरतात, आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर उडून शेजारच्या झाडावर जातात. मादीच्या अंगातील लाल द्रव्य मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्यास उपयोगी पडते. आपला 'किरमिजी' हा शब्दही कीटकावरूनच आलेला आहे. मात्र तो मुळात भूमध्य समुद्राकाठच्या ओक वृक्षांवर राहणाऱ्या दुसऱ्याच एका कीटकाचा. अमेरिकेचा शोध लागल्यावर तेथील कोचिनीलने त्या जुन्या कीटकाची बाजारपेठ घेतली.

या कोचिनीलचा आणि फड्या निवडुंगाचा भारतातील इतिहास येथे सांगावयाचा आहे. परिस्थितिविज्ञान या शास्त्राच्या पायाशी असलेल्या तीन कल्पना, म्हणजे जात, समष्टी आणि जीवांचे परस्परसंबंध, व्याख्यांपेक्षा या इतिहासातून अधिक स्पष्ट दिसतात. शिवाय यात केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांचेच नव्हे, तर शेतकऱ्यांचे आणि गुराख्यांचेही बरेच काही पणाला लागलेले होते.

एक चूक आणि तिचे फळ

अठराव्या शतकात उत्तम किरमिजी रंग मेक्सिकोतून येई आणि त्याचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० वाळविलेले कीटक लागत, यावरून त्याच्या किमतीची कल्पना यावी. ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्यांचे तांबडे डगले याच रंगात रंगविले जात. अर्थातच हा कीटक आपल्या ताब्यातील प्रदेशात वाढवावा, अशी इच्छा इंग्रजांना झाली. १७८७ साली ऑस्ट्रेलियात वसाहत स्थापन करावयास निघालेल्या पहिल्या जहाजांनी वाटेत ब्राझीलमध्ये निवडुंग आणि त्यावरील कोचिनील घेतले, ते याच हेतूने. भारतातही १७९५ साली ब्राझीलहून कोचिनील आणला गेला.

येथे चूक झाली. मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी शतकानुशतके जोपासलेला कोचिनील ही एक जात होती. तिचे शास्त्रीय नाव डॅक्टिलोपियस कॉकस. तिची मादी आकाराने मोठी, अंगावर पिठासारखा पातळ थर असणारी आणि रंगाने समृद्ध. ब्राझीलहून आणलेले कीटक त्याच वंशातील, परंतु निराळ्या जातीचे होते. ते लहान, दाट कापसाने झाकलेले आणि रंगाला गरीब होते. या जातीला पुढे डॅक्टिलोपियस सिलॉनिकस असे नाव पडले, कारण शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, नमुन्यांवरून केले. तिचे माहेर मात्र दक्षिण अमेरिका. नावावरून गाव ओळखू नये, याचे हे बरेच चांगले उदाहरण आहे.

रंगाचा धंदा बसला. पण आणलेले कीटक काही नुसते बसून राहिले नाहीत. भारतात त्या काळी ओपन्शिया मोनाकँथा या जातीचा फड्या निवडुंग ठिकठिकाणी माजला होता. ब्राझीलमध्ये हीच त्या कीटकांची नेहमीची पोशिंदी वनस्पती होती. त्यांना भारतात ती आयती मिळाली, आणि तीही अशा प्रदेशात की जेथे त्यांचे जुने शत्रू नव्हते. थोड्याच काळात उत्तर आणि मध्य भारतातील हा निवडुंग वाळून, कुजून कोसळू लागला. रंग मिळविण्यासाठी केलेल्या खटपटीतून एका उपद्रवी वनस्पतीचा नायनाट झाला. तो कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

यातून काही शहाण्या माणसांनी बोध घेतला. १८३६ ते १८३८ या काळात तोच कीटक मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडण्यात आला, आणि तेथेही मोनाकँथा निवडुंग हटला. तणाचा नाश करण्यासाठी कीटकाचा बुद्धिपुरस्सर उपयोग करण्याचे जगातील हे पहिले यशस्वी उदाहरण मानले जाते. १८६५ पूर्वी श्रीलंकेतही त्याचीच पुनरावृत्ती झाली. या पद्धतीस आज जैविक नियंत्रण म्हणतात आणि तिचे पहिले पाठ ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत गिरविले गेले असे पुष्कळांना वाटते. म्हणून ही गोष्ट थोडी आवर्जून सांगितली.

जात म्हणजे काय?

मोनाकँथा हटला तरी फड्या निवडुंग संपला नाही. त्याच्या वंशातील ओपन्शिया डिलेनाय ही दुसरी जात द्वीपकल्पात पसरली होती. पिवळी फुले, पिवळसर दणकट काटे आणि जांभळट लाल बोंडे ही तिची खूण. तिच्याबरोबर एलाटिओर नावाची तिसरीही जात होती. कुंपण म्हणून लावलेली ही झाडे कुंपण सोडून शेतात, गायरानात, गावाच्या वेशीपर्यंत आली. पाखरांनी बोंडे खाऊन बिया दूरवर टाकल्या. आणि तोडून टाकलेल्या फड्यालाही मुळे फुटत असल्याने, कुऱ्हाडीने केलेला प्रत्येक घाव जणू लागवडच ठरू लागला. जेथे पूर्वी गुरे चरत तेथे गुरांना शिरणेही अशक्य झाले.

आता कोणीही सुचवील की मोनाकँथाला मारणारा कीटक येथेही सोडावा. पण सिलॉनिकस कीटक डिलेनायवर वाढत नाही. तो तिच्यावर सोडला तरी तग धरू शकत नाही. आपल्या दृष्टीने दोन्ही झाडे 'फड्या निवडुंग'च. कीटकाच्या दृष्टीने एक अन्न आणि दुसरे नव्हे.

जीवशास्त्रात जातीची जी व्याख्या बहुधा दिली जाते तिची मांडणी एर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली केली. जे जीव निसर्गात परस्परांशी संकर करून प्रजननक्षम संतती निर्माण करतात, आणि इतर समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहतात, ते सर्व मिळून एक जात होते. म्हणजे जात ही रूपावरून ठरत नसून रक्तसंबंधाच्या वर्तुळावरून ठरते. ही व्याख्या प्राण्यांना चांगली लागू पडते. वनस्पतींच्या बाबतीत ती पुष्कळदा अडखळते, आणि निवडुंगाच्या बाबतीत तर फारच. कारण या वंशातील जाती परस्परांत संकर करतात आणि बिया न धरताही फड्यांपासून वाढतात. डिलेनाय ही स्वतंत्र जात आहे की स्ट्रिक्टा या जातीचाच एक प्रकार आहे, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

डिलेनायला मारणारा कीटक अखेर सापडला. तो उत्तर अमेरिकेतील डॅक्टिलोपियस ओपन्शी होता, आणि तो श्रीलंकेमार्गे १९२६ साली दक्षिण भारतात आला. दिसावयास तोही कापसाचा पुंजकाच. पूर्वीच्या कीटकापासून त्याला वेगळे ओळखण्यास सूक्ष्मदर्शक आणि जाणकार डोळे लागतात. परंतु परिणाम अगदी उलट झाला. डिलेनायच्या आणि एलाटिओरच्या जाळ्या पाच-सहा वर्षांत ओस पडू लागल्या, आणि सुमारे ४०,००० हेक्टर जमीन मोकळी झाल्याची नोंद आहे. केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा फरक आणि हजारो हेक्टर जमीन, यांचा असा संबंध असतो. कीटकसंग्रहालयात बसून टाचणीला टोचलेल्या नमुन्यांची नावे ठरविणाऱ्या माणसाच्या कामाला लोक 'कागदी' म्हणतात. या उदाहरणानंतर ते तसे म्हणणार नाहीत अशी आशा आहे.

समष्टी आणि तिची वाढ

एका जातीचे जे जीव एका प्रदेशात, एका काळी राहतात आणि परस्परांत प्रजनन करू शकतात, त्यांच्या समूहास 'समष्टी' म्हणतात. काही लेखक 'लोकसंख्या' हा शब्द वापरतात. पण पतंगांच्या किंवा निवडुंगांच्या संदर्भात 'लोक' हा शब्द कानाला खटकतो, म्हणून येथे तो टाळला आहे. समष्टीला स्वतःचे असे काही गुण असतात, जे एकट्या जीवाला नसतात. एकटा जीव जन्मतो आणि मरतो. समष्टीला जन्मदर आणि मृत्युदर असतो. एकटा जीव एका ठिकाणी असतो. समष्टी दाट किंवा विरळ असते.

समष्टी किती वेगाने वाढू शकते याचा मोजून ठेवलेला पुरावा ऑस्ट्रेलियात सापडतो. तेथे स्ट्रिक्टा निवडुंगाने १९२५ च्या सुमारास सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली होती. महाराष्ट्र राज्याच्या क्षेत्रफळाच्या तीन-चतुर्थांशाहून हे अधिक होते. त्यापैकी निम्म्या जमिनीवर जाळी इतकी दाट होती की ती कोणत्याही कामाची राहिली नाही, आणि कित्येक कुटुंबे घरे सोडून निघून गेली. सोमलाची विषे फवारून झाली. बिया पसरवितात म्हणून एमू पक्ष्यांना मारणाऱ्यांस बक्षिसे देऊन झाली. त्या बिचाऱ्यांचा दोष एवढाच की त्यांना बोंडे आवडत.

१९२० मध्ये ऑस्ट्रेलियाने यासाठी एक खास मंडळ स्थापन केले, आणि त्याच्या कीटकशास्त्रज्ञांनी अमेरिका खंडात फिरून निवडुंगावर जगणाऱ्या सुमारे दीडशे कीटकजातींचा अभ्यास केला. त्यांपैकी एक होता अर्जेंटिनातील कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम नावाचा करड्या रंगाचा पतंग. त्याची मादी आपली अंडी एकावर एक चिकटवून त्यांची काडी करते. ती काडी निवडुंगाच्या काट्यासारखीच दिसते आणि तीत ७० ते ९० अंडी असतात. त्यांतून निघालेल्या नारिंगी, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या समूहाने फड्यात शिरतात आणि त्याला आतून पोखरतात. ऑस्ट्रेलियात आणण्यापूर्वी या अळ्यांना इतर वनस्पतींवर उपाशी ठेवून पाहण्यात आले. त्या मेल्या, पण निवडुंगाशिवाय दुसऱ्या कशावर जगू शकल्या नाहीत. हीच त्यांची पात्रता ठरली.

१९२५ साली सुमारे २,७५० अंडी पोचली. त्यांपासून झालेल्या पहिल्या पिढीने १ लाख अंडी घातली, दुसऱ्या पिढीने २५ लाखांवर. म्हणजे एका पिढीत सुमारे ३६ पट वाढ, पुढच्या पिढीत २५ पट. समजा, दर पिढीला २५ पट ही वाढ पुढे पाच पिढ्या अखंड चालू राहिली असती, तर अंड्यांची संख्या सुमारे २४ लाख कोटी झाली असती, आणि वर्षाला दोन पिढ्या धरल्या तर एवढ्यास तीन वर्षेही लागली नसती. असे होत नाही, कारण प्रत्येक वाढ आपल्याच पायाखालची जमीन खात असते. पियर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ साली मांडलेल्या समीकरणात हेच सांगितले आहे. समष्टी लहान असताना झपाट्याने वाढते, आणि परिसर जेवढ्यांना पोसू शकतो त्या मर्यादेजवळ येताच तिचा वेग मंदावतो.

निवडुंगाच्या बाबतीत मर्यादा मंदगतीने जवळ आली नाही; ती कोसळून अंगावर आली. १९२६ पासून अब्जावधी अंडी रानात वाटण्यात आली आणि १९३० नंतर मैलोगणती जाळ्या कुजून भुईसपाट झाल्या. मग अळ्यांना अन्न उरले नाही. त्या लाखांनी उपाशी मेल्या. पतंग विरळ होताच राहिलेल्या बुंध्यांना आणि जमिनीतील बियांना पुन्हा धुमारे फुटले. एकदोन वर्षे लोकांचे धाबे दणाणले. परंतु नव्या निवडुंगामागून पतंगही पुन्हा वाढले आणि दुसरा कडेलोट झाला. क्वीन्सलँडमधील बूनार्गा या छोट्याशा गावी शेतकऱ्यांनी १९३६ साली बांधलेल्या सभागृहाला या पतंगाचेच नाव दिलेले आहे. कीटकाच्या नावे सभागृह बांधल्याची उदाहरणे फारशी नसावीत.

भक्ष्य, भक्षक आणि भक्षकाचाही भक्षक

योगायोग असा की, ज्या वर्षी हे पतंग ऑस्ट्रेलियाच्या रानात सुटले आणि दुसरा कोचिनील भारतात आला, त्याच १९२६ साली व्हितो व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञाने भक्ष्य आणि भक्षक यांच्या समष्टींच्या चढउताराची समीकरणे प्रसिद्ध केली. आल्फ्रेड लोटका यांनी अमेरिकेत १९२५ साली तशीच समीकरणे मांडली होती. व्होल्टेरांना ही गोडी लावली ती मासळीने. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या भक्षकांचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि याचे कारण काय, हे कोडे त्यांच्यापुढे आले.

त्यांचे उत्तर असे होते. भक्ष्य वाढले की काही काळाने भक्षक वाढतात. भक्षक वाढले की भक्ष्य घटते. मग भक्षक घटतात, आणि चक्र पुन्हा सुरू होते. या चक्रात भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारख्या प्रमाणात मारणारी एखादी बाहेरची शक्ती शिरली, तर तिचा फायदा भक्ष्याला होतो आणि तोटा भक्षकाला. मासेमारी ही तशी शक्ती होती. ती मंदावताच भक्षक वधारले.

ऑस्ट्रेलियातील गोष्टीत या समीकरणांची छाया दिसते. पण तंतोतंत नव्हे. आज तेथे पतंग आणि निवडुंग दोघेही विरळ संख्येने टिकून आहेत. याचे एक कारण मादीच्या अंडी घालण्याच्या सवयीत आहे. ती अंड्यांच्या काड्या सर्व झाडांवर सारख्या वाटून टाकीत नाही. काही झाडांवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त काड्या पडतात आणि काही झाडे कोरी राहतात. भरलेल्या झाडावरील अळ्या झाड संपवून स्वतःही संपतात. कोरी झाडे वाचतात आणि पुढल्या वर्षाचे अन्न होतात. उधळपट्टी वाटावी अशा या सवयीनेच दोन्ही जाती टिकून आहेत.

परस्परसंबंधांची साखळी दोन कड्यांवर थांबत नाही. कोचिनील निवडुंगाला खातो, तसा कोचिनीललाही खाणारा असतो. ऑस्ट्रेलियात मूळ असलेला क्रिप्टोलीमस नावाचा एक लहान भुंगेरा १८९८ साली कॉफीवरील खवले कीड मारण्यासाठी दक्षिण भारतात आणला गेला. हा भुंगेरा आपल्या द्राक्षबागाईतदारांना चांगला परिचित आहे. पिठ्या ढेकणांचा नाश करण्यासाठी तो प्रयोगशाळांत वाढवून बागांत सोडला जातो. द्राक्षबागेत जो मित्र, तोच निवडुंगाच्या माळावर अडथळा ठरतो, कारण पिठ्या ढेकूण आणि कोचिनील दोघेही त्याच्या खाद्यात मोडतात. दक्षिण आफ्रिकेत तर या भुंगेऱ्यांनी कोचिनीलला इतके खाल्ले की निवडुंगाचे नियंत्रण ढेपाळले. तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी निवडुंगावर डीडीटीची अगदी पातळ फवारणी केली. मेणाच्या कापसाखाली बसलेले कोचिनील बरेचसे वाचले, उघड्यावर फिरणारे भुंगेरे मेले, आणि निवडुंग वाळू लागला. कीटक वाढविण्यासाठी कीटकनाशक फवारावे लागले, हे ऐकून प्रथम हसू येते. पण व्होल्टेरांची समीकरणे ज्याने पाहिली आहेत त्याला ते नवल वाटणार नाही.

साखळीच्या शेजारी आणखीही धागे असतात. निवडुंग आणि गवत यांच्यात ऊन, पाणी आणि जागा यांसाठी स्पर्धा असते. निवडुंग हटल्यावर गुरांना पुन्हा गवत मिळाले, ते या स्पर्धेत गवताचा प्रतिस्पर्धी दुबळा झाल्यामुळे. पाखरू बोंड खाते आणि बी पसरविते, हा दोघांच्या लाभाचा व्यवहार. पाऊस हाही यात बाहेरून हात घालतो. जोराच्या सरींनी कोचिनीलची पिले धुऊन जातात, म्हणून कोरड्या प्रदेशात त्याचे काम अधिक चांगले चालते.

एका जातीत दोन समष्टी

जात ओळखली म्हणजे सर्व ओळखले, असा समज होऊ नये म्हणून दक्षिण आफ्रिकेतीलच दुसरी एक हकिकत येथे सांगणे आवश्यक आहे. डॅक्टिलोपियस ओपन्शी, म्हणजे भारतात डिलेनायला मारणारी जात, १९३८ साली तेथे फिकस-इंडिका या निवडुंगासाठी नेण्यात आली, आणि त्यावर ती चांगली वाढली. पुढे क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्ट्रिक्टा निवडुंग माजला, तेव्हा साहजिकच तिच्यावर भिस्त ठेवण्यात आली. परंतु तेथील कोचिनील स्ट्रिक्टावर तग धरीना. जात बरोबर होती, समष्टी चुकीची होती. फिकस-इंडिकावर जगणाऱ्यांचा वंश वेगळा आणि स्ट्रिक्टावर जगणाऱ्यांचा वेगळा. १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातून स्ट्रिक्टावर वाढणारा वंश आणल्यावरच क्रूगरमधील निवडुंग आटोक्यात आला. या दोन वंशांचा संकर घडवून पाहिला तर संतती होते, आणि ती दोन्ही वनस्पतींवर जगू शकते. अर्थात मायर यांच्या व्याख्येप्रमाणे ते एकाच जातीचे. पण शेतात मात्र त्यांची कामे निराळी.

१७९५ साली ज्याने ब्राझीलहून कोचिनील आणला त्याला निदान जातीची चूक झाली होती. ही चूक त्याहूनही सूक्ष्म होती, आणि ती कळावयास अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला.

तोच पतंग, तोच कीटक, दुसरे गाव

ऑस्ट्रेलियातील यशाने उत्साहित होऊन १९५७ साली कॅक्टोब्लास्टिस पतंग वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावर सोडण्यात आला. ऑस्ट्रेलियात एकही मूळचा निवडुंग नाही. तेथे पतंगाला भलतीकडे वळावयास जागाच नव्हती. कॅरिबियन बेटे मात्र निवडुंगाच्या माहेराला लागून आहेत. पतंग एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोचला आणि १९८९ मध्ये फ्लॉरिडात आढळला. तेथील मूळचे, काही अत्यंत दुर्मिळ झालेले निवडुंग त्याच्या तडाख्यात सापडले. पुढे मेक्सिको आहे, जेथे कोवळे फडे भाजी म्हणून रोजच्या जेवणात असतात, बोंडे बाजारात विकली जातात आणि राष्ट्रध्वजावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे. २००६ मध्ये मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर हा पतंग सापडला. तेथील अधिकाऱ्यांनी बाधित झाडे नष्ट करून आणि पतंगांना सापळे लावून त्याचा पाठलाग केला, आणि २००९ साली तो त्या भागातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले.

डॅक्टिलोपियस ओपन्शीचेही तसेच झाले. भारतात ज्याने शेतकऱ्यांची जमीन मोकळी केली, तोच कीटक २०१४ साली मोरोक्कोत आढळला आणि काही वर्षांत तेथील निवडुंगाच्या कुंपणांचा आणि बोंडांच्या बागांचा त्याने फडशा पाडला. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी पट्ट्यात गुरांचा चारा म्हणून लावलेले निवडुंगही त्याने असेच उद्ध्वस्त केले. त्या दोन्ही देशांत आता हा कीटक कशाने मरेल आणि कोणत्या वाणाला तो शिवत नाही, याचा शोध चालू आहे.

भारतात अलीकडे कोरडवाहू भागांत चाऱ्यासाठी बिनकाट्यांचा निवडुंग लावण्याचे प्रयोग चालू आहेत. तो निवडुंग फिकस-इंडिका या जातीचा आहे. आपल्याकडील कोचिनील १९२६ साली आला तो डिलेनायवर वाढणारा; तो फिकस-इंडिकावर कितपत वाढेल आणि बाहेरून दुसरा वंश येथे आलाच तर काय होईल, हे लागवड पसरण्यापूर्वी जातीची आणि वंशाची परीक्षा करूनच ठरवावे लागेल. माळरानावर अधूनमधून उरलेल्या पिवळ्या काट्यांच्या फड्यांवर अजूनही पांढरे पुंजके दिसतात. त्यांतील एखादा काडीने चिरडून पाहिल्यास काडी लाल होते.